फोन लॉक झाला की वाय-फाय परत लॉगिन का मागतं? टाइमआउट नेमका कुठला बदलायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीस खोल्यांचं लॉज, मायक्रोटिक कंपनीचा राउटर, त्यावर हॉटस्पॉट (लॉगिनचं पान दाखवणारी राउटरमधली सोय) आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारे डबे). काउंटरवर युजरनेम-पासवर्डची चिठ्ठी मिळते. पाहुण्याने फोन लॉक करून खिशात टाकला की थोड्या वेळाने परत लॉगिनचं पान पुढे येतं. सेशन टाइमआउट २४ तास केला, तरी फरक नाही. जोडीला दुसरी तक्रार: ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगच्या पानावर काम चालू असताना मध्येच बाहेर फेकलं जातं, तो वेळ कसा वाढवायचा?

पहिल्या तक्रारीत रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार झालाय. सेशन टाइमआउट म्हणजे लॉगिनपासून मोजलेली कमाल मुदत. वापर चालू असो वा नसो, ती भरली की सरळ बाहेर. पाच-दहा मिनिटांत पाहुणा बाहेर पडतोय, म्हणजे २४ तासांच्या घड्याळाचा इथे काही संबंधच नाही. बाहेर काढणारं घड्याळ वेगळं आहे, आणि मायक्रोटिकवर ते बहुतेक वेळा कीपअलाइव्ह टाइमआउट असतं. युजर प्रोफाइलमध्ये तो मुळातच दोन मिनिटांवर लावलेला येतो. म्हणजे राउटर लॉगिन झालेल्या उपकरणाला अधूनमधून 'आहेस का?' विचारतो, आणि दोन मिनिटं उत्तर आलं नाही तर ते निघून गेलं असं धरून लॉगआउट करतो.

लॅपटॉप टेबलावर चालू असताना यात काही अडचण नसते. फोनचं तसं नाही. पडदा बंद झाला की फोन वाय-फायची चिप झोपवतो, मधूनच जागा होतो, उत्तर उशिरा देतो. काही फोन तर तेवढ्यापुरते मोबाइल डेटावरच जातात. जिना किंवा लिफ्टमध्ये सिग्नल गेला तरी तेच. दोन मिनिटांची शांतता फोनसाठी अगदी सामान्य आहे.

आधी लॉग बघा, मग आकड्याला हात लावा

विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग बदलायचा संगणकावरचा प्रोग्राम) लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडा आणि हॉटस्पॉटच्या ओळी बघा. प्रत्येक लॉगआउटच्या ओळीच्या शेवटी कारण लिहिलेलं असतं: कीपअलाइव्ह टाइमआउट, आयडल टाइमआउट (ठरलेला वेळ डेटाची काहीच हालचाल नाही), सेशन टाइमआउट किंवा युजर रिक्वेस्ट. शेवटचं म्हणजे पाहुण्याने स्वतः लॉगआउटचं बटण दाबलं. आठ-दहा ओळी वाचल्या की कुठलं घड्याळ वाजतंय ते कळतं. हा लॉग मेमरीत असतो, राउटर बंद-चालू झाला की पुसला जातो. वीज जात-येत असेल तर तो डिस्कवर किंवा वेगळ्या लॉग सर्व्हरवर पाठवायची सोय आधी करा, नाहीतर नेमक्या हव्या त्या ओळी हाती लागत नाहीत.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे आयपी, मग हॉटस्पॉट, मग ॲक्टिव्ह हा टॅब. एक फोन जोडून लॉगिन करा आणि टॅबमध्ये त्याची ओळ डोळ्यांसमोर ठेवा. अपटाइम, आयडल टाइम आणि सेशन टाइम लेफ्ट हे रकाने दिसत नसतील तर रकान्यांच्या यादीतून चालू करा. आता फोन लॉक करून टेबलावर उलटा ठेवा. आयडल टाइम चढू लागेल, मध्येच फोनने एखादी सूचना आणली की शून्यावर येईल, परत चढेल. आयडल टाइम नुकता शून्यावरून चढायला लागलाय, सेशन टाइम लेफ्टमध्ये तेवीस तास शिल्लक दिसतायत आणि तरीही ओळ गायब झाली, तर तो कीपअलाइव्हचा प्रताप. आयडल टाइम बरोब्बर ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचून ओळ गेली, तर आयडल टाइमआउट. पंधरा मिनिटांची ही पाहणी तासभर अंदाज बांधण्यापेक्षा कितीतरी बरी.

युजर प्रोफाइलमध्ये काय ठेवायचं

आयपी, हॉटस्पॉट, युजर प्रोफाइल्स. चिठ्ठीवरचे युजर ज्या प्रोफाइलमध्ये आहेत ते उघडा. वेगळं केलेलं नसेल तर डिफॉल्ट. लॉजसाठी मी सुचवेन ते असं.

कीपअलाइव्ह टाइमआउट रिकामा करा. विनबॉक्समध्ये रकान्याच्या बाजूचा छोटा बाण दाबला की तो मिटतो, म्हणजे बंद होतो. तिथे शून्य लिहून बंद झालं असं समजू नका, बाणानेच मिटवा.

आयडल टाइमआउट मुळात बंद असतो, तो एक तासावर लावा. दोन्ही घड्याळं बंद ठेवली तर पाहुणा सकाळी खोली सोडून गेला तरी त्याचं सेशन मुदत संपेपर्यंत ॲक्टिव्हमध्ये लोळत पडतं. एक तास हा आकडा मुद्दाम मोठा आहे. झोपलेला फोनही सूचना, मेल, वेळ जुळवणं यासाठी काही मिनिटांच्या अंतराने थोडा डेटा हलवतो, त्यामुळे जागेवर असलेला फोन तासभर पूर्ण गप्प राहणं दुर्मिळ. पाच मिनिटांचा आयडल मात्र फोनवाल्यांचा छळ आहे. जुन्या काळी तो सायबर कॅफेतल्या डेस्कटॉपसाठी ठीक होता.

सेशन टाइमआउट एक दिवस राहू द्या. शेअर्ड युजर्स मुळात १ असतो. तो २ किंवा ३ करा. हे टाइमआउटशी संबंधित नाही असं वाटेल, पण आहे. कीपअलाइव्ह बंद केल्यावर जुनं सेशन जास्त वेळ जिवंत राहतं. पाहुणा फोन खोलीत ठेवून लॅपटॉप उघडतो, आणि शेअर्ड युजर्स १ असेल तर 'या युजरसाठी आणखी सेशन चालणार नाही' असा इंग्रजी संदेश समोर येतो. मग तो काउंटरवर येऊन सांगतो की पासवर्ड चुकीचा आहे.

प्रोफाइल बदलल्यावर सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती गोष्ट म्हणजे आधीच लॉगिन असलेल्यांना नवे आकडे लागत नाहीत. लॉगिनच्या क्षणी जे आकडे होते तेच सेशनला चिकटतात. म्हणून बदल केला की ॲक्टिव्हमधली चाचणीच्या फोनची ओळ काढून टाका आणि परत लॉगिन करून बघा. सगळ्या पाहुण्यांच्या ओळी भरदुपारी एकदम उडवू नका. त्या पहाटे काढा, किंवा त्यांच्या त्यांच्या मुदतीने जाऊ द्या.

एक घोटाळा नावांचा आहे. हॉटस्पॉटच्या सर्व्हर्स या टॅबमध्येही आयडल टाइमआउट आणि कीपअलाइव्ह टाइमआउट नावाचे रकाने आहेत. तिथला पाच मिनिटांचा आयडल हा अजून लॉगिन न केलेल्या उपकरणांसाठी आहे, नुसतेच जोडलेले फोन यादीतून काढायला. लॉगिन झालेल्यांचा आयडल युजर प्रोफाइलमध्ये. सर्व्हर्समधला पाचचा साठ करून 'काहीच झालं नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

कुकी: लॉगआउट झालं तरी कळू न देणारी सोय

सेशन कधी ना कधी तुटणारच. म्हणून खरा आराम टाइमआउट वाढवण्यात नाही, तुटलं की आपोआप जुळण्यात आहे. मायक्रोटिकवर त्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला एकच फोनला चालतो.

साधी कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी नोंद, ब्राउझरमध्ये राहते. सर्व्हर प्रोफाइलमध्ये तिचं आयुष्य मुळात ३ दिवस असतं. लॅपटॉपवर ती व्यवस्थित चालते. आयफोनवर लॉगिनचं जे छोटं पान आपोआप वर येतं तो नेहमीचा सफारी नव्हे, वेगळी खिडकी असते. ती मिटली की तिच्यातली कुकीही गेली. म्हणून 'कुकी चालू आहे तरी फोन परत परत विचारतो' ही तक्रार येते.

फोनसाठी मॅक कुकी. यात फोनला काहीच साठवावं लागत नाही; राउटर स्वतःकडे मॅक पत्ता (फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक), युजर आणि पासवर्ड यांची जोडी ठेवतो आणि तोच पत्ता परत दिसला की लॉगिन करून मोकळा होतो. ती चालू करायला दोन ठिकाणी हात लावावा लागतो: सर्व्हर प्रोफाइलच्या लॉगिन टॅबमध्ये 'मॅक कुकी'वर टिक, आणि युजर प्रोफाइलमध्ये 'ॲड मॅक कुकी'. युजर प्रोफाइलमधली टिक मुळातच असते, त्यामुळे लोकांना वाटतं चालू आहे; सर्व्हर प्रोफाइलमधली नसते. मॅक कुकी टाइमआउट मुळात ३ दिवस आहे. लॉजला तेवढा पुरतो. चालू झाली का हे कुकीज टॅबमध्ये दिसतं.

मात्र मॅक कुकी चालू असेल तर सेशन टाइमआउटने माणूस बाहेर काढला जाईल या भरवशावर राहू नका. सेशन संपतं, फोन पुढचं पॅकेट पाठवतो, कुकी जिवंत असते, आणि तो लगेच परत आत. जिथे 'तासाला अमुक रुपये' असं विकताय तिथे हे भोक आहे. तिथे युजरवर लिमिट अपटाइम लावा. तो एकूण वापरलेल्या वेळेची बेरीज धरतो, किती वेळा लॉगिन केलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि तो भरला की कुकीनेही लॉगिन होत नाही.

पण लिमिट अपटाइमसुद्धा कॅलेंडर बघत नाही. २४ तासांचा लिमिट अपटाइम असलेली चिठ्ठी रोज दोन तास वापरली तर बारा दिवस चालेल. पाहुणा गेला, चिठ्ठी शेजारच्या पानवाल्याकडे गेली, तरी ती चालूच. 'पहिल्या लॉगिनपासून दोन दिवसांनी बंद' असं हवं असेल तर हॉटस्पॉटच्या साध्या युजर यादीत त्याचा रकाना नाही. मायक्रोटिकचं युजर मॅनेजर हे जोड-पॅकेज बसवून प्रोफाइलची व्हॅलिडिटी लावावी लागते आणि ती पहिल्या लॉगिनपासून सुरू होईल असं निवडावं लागतं. युबिक्विटी कंपनीच्या युनिफाय उपकरणांच्या व्हाउचरमध्ये हे मुळातच असं आहे: पहिल्या वापरापासून मुदत सुरू, मग फोन बंद ठेवला तरी घड्याळ चालूच.

रेल्वे स्थानकांवर रेलवायरच्या वाय-फायला दिवसाची पहिली ३० मिनिटं फुकट मिळतात, तसं काही हवं असेल तर मायक्रोटिकमध्ये ट्रायल ही सोय आहे. तिचे मुळातले आकडेही तेच, ३० मिनिटं आणि दर दिवसाला नव्याने. फक्त ती माणूस ओळखत नाही, मॅक पत्ता ओळखते.

आणि मॅक पत्ता आता पूर्वीसारखा पक्का राहिलेला नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता दाखवतात. एका नेटवर्कसाठी तो सहसा तोच राहतो, त्यामुळे तीन दिवसांच्या कुकीला धक्का लागत नाही. पण आयओएस १८ पासून पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर आयफोन हा पत्ता मधूनमधून बदलतो. म्हणून ३० दिवसांची मॅक कुकी लावून 'महिनाभर लॉगिन नाही' असं कायमच्या राहणाऱ्यांना सांगू नका. होस्टेलसारख्या ठिकाणी सरळ पासवर्डचं नेटवर्क द्या. तिथे हॉटस्पॉटची गरजही कमीच असते.

एकक बघा

आकडा बरोबर आणि एकक चुकीचं, ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात उशिरा सापडणारी चूक. मायक्रोटिकच्या टर्मिनलवर नुसता आकडा लिहिला तर तो सेकंद धरला जातो. रेडियसमधला (लॉगिन तपासणारा वेगळा सर्व्हर) सेशन टाइमआउट नेहमी सेकंदांत. पीएफसेन्स या फायरवॉल-राउटर सॉफ्टवेअरच्या कॅप्टिव्ह पोर्टलमधले (लॉगिनचं पान दाखवणारी सोय) आयडल आणि हार्ड टाइमआउट मिनिटांत. सिस्कोच्या आयओएसमध्ये (आयफोनचं नव्हे, सिस्कोच्या उपकरणांचं सॉफ्टवेअर) टर्मिनलचा एक्झेक टाइमआउट दोन आकड्यांत लिहितात, आधी मिनिटं, मग सेकंद. पीएफसेन्सवर एका दिवसासाठी १४४० लिहायची सवय लागलेला माणूस रेडियसमध्येही १४४० लिहितो आणि पाहुणे बरोबर २४ मिनिटांनी बाहेर पडू लागतात. एका दिवसाचे सेकंद ८६,४०० होतात. एखादं सेशन न चुकता २४ मिनिटांनी तुटत असेल तर दुसरीकडे शोधू नका.

शून्याचंही तसंच. कुठे शून्य म्हणजे मर्यादा नाही, कुठे शून्य म्हणजे लगेच, तर काही कंट्रोलरमध्ये (अनेक ॲक्सेस पॉइंट एकत्र सांभाळणारं उपकरण) शून्य लिहिलं तरी आतून एक दिवस धरला जातो. 'कायमचं' हवं असेल तेव्हाही शून्याऐवजी ८६,४०० सारखा स्पष्ट आकडा लिहिलेला बरा. पुढच्या माणसाला वाचताना तो कळतो.

डीएचसीपीची मुदत

हॉटस्पॉटचा सेटअप चालवला की डीएचसीपीची (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, एक तासाची लागते. फोन अर्धी मुदत झाली की तीच लीज वाढवून घ्यायचा प्रयत्न करतो, म्हणजे जागा असेल तर अडचण नाही. फोन झोपेत राहिला, लीज संपली, पत्ता दुसऱ्याला गेला, तर उठल्यावर फोनला नवा आयपी मिळतो आणि हॉटस्पॉटच्या लेखी तो नवा पाहुणा ठरतो. म्हणून लीज ही आयडल टाइमआउटपेक्षा मोठी ठेवा. एक तासाचा आयडल असेल तर लीज चार तास. काही स्वस्त पोर्टल फक्त आयपी पत्ता बघून लॉगिन ओळखतात. तिथे लीज सेशनपेक्षा छोटी असेल तर एकाच्या लॉगिनवर दुसरा फुकट आत जातो.

लांब लीजला पत्ते जास्त लागतात. चाळीस खोल्या, खोलीत दोघं, प्रत्येकाची दोन उपकरणं, म्हणजे १६० पत्ते. साध्या चोवीसच्या सबनेटमध्ये, म्हणजे /२४ असं लिहितात त्या पत्त्यांच्या गटात, २५४ बसतात. लॉजच्या खाली लग्नाचा हॉल असेल तर हे गणित कोसळतं. सहाशे वऱ्हाडी लॉगिन न करता नुसते जोडले गेले तरी प्रत्येकाला पत्ता जातोच. हॉलसाठी वेगळं नेटवर्क करा, बावीसचा सबनेट (१,०२२ पत्ते) आणि अर्ध्या तासाची लीज ठेवा.

मुदत संपल्यावर पाहुण्याला काय दिसतं

काहीच दिसत नाही, हीच अडचण आहे. पूर्वी सेशन संपलं की कुठलीही साइट उघडा, लॉगिनचं पान यायचं. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर (कूटबद्ध जोडणीवर) चालतं आणि तिथे राउटरला मध्ये घुसता येत नाही. ब्राउझर फार तर प्रमाणपत्राची तक्रार करतो. व्हॉट्सॲपवर संदेशापुढे घड्याळाची खूण अडकून राहते. फोनवर वाय-फायची खूण तशीच असते. पाहुण्याच्या मते 'नेट बंद आहे'. फोन लॉगिनचं पान आपोआप दाखवतो तो मुख्यतः नेटवर्कला जोडला जाताना, तेव्हा तो स्वतःचा एक ठरलेला साधा पत्ता तपासतो. मधेच सेशन तुटलं तर ती तपासणी लगेच होईलच असं नाही. वाय-फाय बंद करून चालू केलं की पान येतं.

यावर दोन उपाय करून ठेवा. सर्व्हर प्रोफाइलमध्ये डीएनएस नेम या रकान्यात लॉगिनच्या पानाचा पत्ता म्हणून एखादं सोपं नाव द्या आणि ते चिठ्ठीवर छापा, 'नेट थांबलं तर हे उघडा' म्हणून. त्याच पत्त्यावर लॉगिन असताना शिल्लक वेळ दिसतो आणि नसताना लॉगिनचं पान येतं. नावाच्या शेवटी डॉट लोकल वापरू नका. ते नाव शोधायची फोनची पद्धत वेगळी आहे आणि ते सापडणार नाही. दुसरं, वॉल्ड गार्डनची, म्हणजे लॉगिनशिवाय उघडणाऱ्या पत्त्यांची, यादी तपासा. कोणीतरी 'ॲपलला अडचण नको' म्हणून कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम त्यात टाकून ठेवलेलं असेल, तर आयफोनला वाटतं नेट चालू आहे आणि तो लॉगिनचं पान कधीच वर आणत नाही.

शिल्लक वेळ फोनला आधीच कळवायची प्रमाणित पद्धत २०२० मध्ये आली आहे, आरएफसी (इंटरनेटचे मानक दस्तऐवज) ८९०८ आणि ८९१०. डीएचसीपीच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून फोनला एक पत्ता मिळतो आणि तिथे किती सेकंद उरले हे लिहिलेलं असतं. तुमचं पोर्टल हे देत असेल तर जरूर चालू करा. त्याला प्रमाणपत्रासह एचटीटीपीएस लागतं, एवढं लक्षात ठेवा.

पोर्टल ॲक्सेस पॉइंटमध्येच असेल तर

वरचं सगळं हॉटस्पॉट राउटरवर आहे असं धरून आहे. तिथे ॲक्सेस पॉइंट फक्त रेडिओचं काम करतो. त्याचाही स्वतःचा निष्क्रियतेचा काळ असतो (ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वाय-फाय चालवणारा होस्टएपीडी हा प्रोग्राम मुळात ३०० सेकंद धरतो, मग एक रिकामी फ्रेम पाठवून बघतो आणि उत्तर नाही आलं तरच फोनला सोडतो), पण त्याने लॉगिन जात नाही. फोन परत जोडला जातो, राउटरवरचं सेशन शाबूत असतं. म्हणून लॉगिनच्या तक्रारीसाठी ॲक्सेस पॉइंटवरचा तो आकडा वाढवण्यात अर्थ नाही.

काही ॲक्सेस पॉइंटमध्ये मात्र पोर्टल आतच असतं. सिस्कोच्या छोट्या कार्यालयांसाठीच्या डब्ल्यूएपी मालिकेत कॅप्टिव्ह पोर्टलच्या इन्स्टन्समध्ये दोन रकाने आहेत. सेशन टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे मर्यादा नाही. अवे टाइमआउट मुळात ६० मिनिटं, म्हणजे फोन रेडिओवरून तुटल्यावर किती वेळ त्याचं लॉगिन राखून ठेवायचं. दोन्ही १४४० मिनिटांपर्यंत वाढतात. इथे पाहुण्याच्या तक्रारीवर औषध अवे टाइमआउट आहे. तीच मालिका ग्लोबल पानावर ऑथेंटिकेशन टाइमआउटही दाखवते. तो फक्त लॉगिनचं पान उघडल्यापासून पासवर्ड टाकेपर्यंतचा काळ, त्याला इथे काही काम नाही.

आणि असं पोर्टल प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर वेगळं चालत असेल तर पहिल्या मजल्यावरचा पाहुणा जेवायला तळमजल्यावर आला की परत लॉगिन मागणारच. त्याला टाइमआउटचा इलाज नाही. पोर्टल एका जागी आणा.

कार्यालयातलं एंटरप्राइझ वाय-फाय

नाव-पासवर्ड थेट वाय-फायलाच देण्याच्या पद्धतीत, म्हणजे ८०२.१एक्समध्ये, दर ठरावीक वेळाने मागच्या मागे पुन्हा ओळख तपासली जाते. होस्टएपीडीत ती मुळात ३६०० सेकंदांनी. सिस्कोच्या जुन्या एअरओएस कंट्रोलरवर सेशन टाइमआउट १८०० सेकंद. अर्ध्या-अर्ध्या तासाने कॉल तुटतोय अशी तक्रार आली की हा आकडा पहिल्यांदा बघा. रेडियस सर्व्हर सेशन टाइमआउट (२७ क्रमांक) पाठवत असेल तर सोबत टर्मिनेशन ॲक्शन (२९ क्रमांक) १ पाठवतोय का हे तपासा. १ असेल तर वेळ भरल्यावर नुसती फेरतपासणी होते. तो नसेल किंवा शून्य असेल तर सेशन संपवलं जातं, आणि संपवलं की कॉल तुटतो. कार्यालयात ८ तास, म्हणजे २८,८०० सेकंद, ठीक असतात. कामावरून काढलेल्या माणसाचं लॉगिन लगेच बंद व्हावं म्हणून हा आकडा ५ मिनिटांवर आणणं चूक आहे. त्यासाठी सर्व्हरकडून डिस्कनेक्टचा संदेश पाठवायची सोय आहे, मुळात ३७९९ पोर्टवर. तो पोर्ट मधल्या फायरवॉलवर उघडा हवा, एवढंच.

आता सेटिंगच्या पानाचा टाइमआउट

इथे माझं मत पाहुण्यांच्या उलट आहे. पाहुण्याचा वेळ वाढवा, व्यवस्थापकाचा वाढवायच्या फंदात फार पडू नका.

सिस्कोच्या त्याच डब्ल्यूएपी मालिकेतल्या १२१ आणि ३२१ वर ॲडमिनिस्ट्रेशन, मग एचटीटीपी / एचटीटीपीएस सर्व्हिस असं जायचं. सेशन टाइमआउट मुळात १० मिनिटं, १ ते ६० मध्ये काहीही ठेवता येतो. त्याच पानावर मॅक्झिमम सेशन्स, मुळात ५. हे दोन आकडे एकत्र बघायचे असतात. ब्राउझरची खिडकी नुसती बंद केली तर सेशन सुटत नाही, टाइमआउट होईपर्यंत जागा अडवून बसतं. टाइमआउट ६० मिनिटं केला आणि गडबडीत पाच वेळा खिडकी मिटून परत लॉगिन केलं, की सहाव्यांदा बरोबर पासवर्ड टाकूनही आत घेत नाही, आणि वाट बघा किंवा ॲक्सेस पॉइंट बंद-चालू करा एवढंच हातात उरतं. बसवणीच्या दिवशी २० ते ३० मिनिटं ठेवा, काम झालं की १० वर आणा, आणि निघताना लॉगआउट दाबा.

सिस्को आयओएसवर चालणाऱ्या स्वतंत्र ॲक्सेस पॉइंटवर टर्मिनलचा एक्झेक टाइमआउट मुळात १० मिनिटं. तो '० ०' केला की कधीच तुटत नाही, आणि नेमकं हेच करून लोक विसरतात. मग व्हीटीवायच्या ओळी (नेटवर्कवरून लांबून शिरायच्या जागा) मेलेल्या जोडण्यांनी भरतात आणि लांबून शिरता येत नाही. शिवाय कन्सोल केबल लावून उघडं सोडलेलं टर्मिनल जो येईल त्याच्या हातात. आकडा मोठा करायचाच तर ३० ० करा, आणि तो कन्सोलच्या ओळीवर आणि व्हीटीवायच्या सगळ्या ओळींवर लावा. ० ते ४ वर लावून ५ ते १५ तशाच राहतात, आणि 'कधी तुटतं, कधी नाही' असं कोडं तयार होतं.

ओपनडब्ल्यूआरटीच्या ल्यूसीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या पानात, हा काळ मुळात ३६०० सेकंद आहे, तो ल्यूसीच्या कॉन्फिग फाईलमध्ये सेशनटाइम या नावाने सापडतो. तासभर पुरतो.

काम करताना मध्येच बाहेर फेकलं जाण्याचं कारण पुष्कळदा टाइमआउट नसतंच. एक तर बऱ्याच ॲक्सेस पॉइंटमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. चालू झाल्यावर ते १९७० किंवा फर्मवेअरच्या तारखेला उभे असतात, आणि मिनिटाभराने इंटरनेटवरून वेळ मिळाली की घड्याळ वर्षानुवर्षं पुढे उडी मारतं. सेशन घड्याळावरून मोजलं जात असेल तर ते त्या क्षणी संपतं. म्हणून चालू केल्या केल्या लगेच लॉगिन करू नका, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, आणि एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय) चालतंय ना ते बघा. दुसरं, एकाच ब्राउझरमध्ये एकाच आयपी पत्त्याची दोन पानं, एक एचटीटीपीवर आणि एक एचटीटीपीएसवर, उघडी असली तर त्यांच्या कुकी एकमेकींना पुसतात. ॲक्सेस पॉइंट कारखान्यातून आलेल्या एकाच पत्त्यावर एकामागून एक जोडून बसवताना हे हमखास होतं. प्रत्येकासाठी नवी खाजगी खिडकी उघडा. आणि ज्या पानावर लांबलचक फॉर्म भरायचा आहे, मॅक पत्त्यांची यादी वगैरे, तो मजकूर आधी नोटपॅडमध्ये तयार ठेवा. बहुतेक उपकरणं तुम्ही टाइप करताय याला हालचाल मानत नाहीत. सेव्ह दाबल्यावर किंवा पान बदलल्यावरच घड्याळ शून्यावर येतं.

मायक्रोटिकवरचे बदल करण्याआधी एक्स्पोर्ट (सेटिंगची प्रत) काढून ठेवा आणि चाचणीसाठी वेगळं युजर प्रोफाइल करा. त्यात कीपअलाइव्ह मिटवलेला, सेशन ३ मिनिटं, मॅक कुकी बंद. तीन मिनिटांनी फोन बाहेर पडतो का बघा, मग कुकी चालू करून तोच फोन आपोआप आत येतो का बघा, मग आयडल २ मिनिटं लावून फोन विमान मोडवर टाका. तिन्ही वेळा लॉगमधलं कारण आणि तुमचा अंदाज जुळला, की तेच आकडे तासांत आणि दिवसांत बदलून खऱ्या प्रोफाइलमध्ये भरा.